परक्याचं इंजिन

१२ जानेवारी

मामा,

तुझ्या वर्कशॉपमध्ये फोन केला की पलीकडून लेथ बोलतो आणि तू नुसता "हं" म्हणतोस. म्हणून हे पत्र. शिवाय तुझंच म्हणणं आहे की फोनवरचे आकडे हवेत विरतात, कागदावरचे माणसाला धरून ठेवतात.

आम्ही दोघांनी गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एक खूळ उभं केलंय. ड्रॅग रेसची गाडी. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, सरळ पाव मैल, जो आधी पोचला तो जिंकला. वळण नाही, डोकं नाही, आठ सेकंदांत सगळं संपतं. बघणारा शिंकला तर त्याची शर्यत हुकते.

इंजिन आठ सिलिंडरचं, आणि त्याच्या डोक्यावर सुपरचार्जर. इंजिन आपल्या आपण जेवढी हवा ओढतं तेवढ्यावर आमचं भागत नाही, म्हणून पट्ट्यावर फिरणारा हा पंप त्याच्या घशात हवा कोंबतो. ब्लॉक झाला, क्रँक झाला, पिस्टन ठरले. अडलंय ते कनेक्टिंग रॉडवर. पिस्टनचा धक्का क्रँकपर्यंत, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्यापर्यंत, पोचवणारे आठ रॉड, आणि त्यावरून घरात दोन पक्ष. तुझे जावईबापू म्हणतात स्टील. मी म्हणते अ‍ॅल्युमिनियम. तीन आठवडे झाले, जेवताना दुसरा विषय नाही. शेवटी ठरलं, मामाला विचारू, तो म्हणेल ते. (ते मनातून धरून चाललेत की तू स्टीलच म्हणणार.)

ड्रायव्हर मिळालाय. अंगाने हलका आहे, घाबरत नाही.

आईला यातलं काही बोलू नकोस. ती समजते की आम्ही लोकांचे ब्रेक आणि क्लच दुरुस्त करून सुखाने राहतो.

तुझी,
बारकी


२० जानेवारी

बारके,

पत्र पोचलं. आधी मामीने वाचलं, कारण घरात चष्मा एकच आणि तो तिच्या नाकावर असतो. वाचून म्हणाली, पोरगी खुशाल आहे, बाकी सगळं लोखंडाबद्दल आहे, तुम्हीच बघा.

आता ऐक. मी सातवीत शाळा सोडली. पुढचं शिक्षण कानाने झालं. चौतीस वर्षं ट्रक, बोटी आणि जनरेटर यांची इंजिनं ऐकतोय. गिऱ्हाईक काय बिघडलंय ते सांगत असतं तेव्हा मी त्याच्याकडे मान हलवतो आणि कान इंजिनाकडे ठेवतो, कारण दोघांतलं एकच खरं बोलत असतं.

लोकांना वाटतं, रॉड धक्क्याने मोडतो. स्फोट झाला, पिस्टन खाली आपटला, रॉड वाकला. तसंही होतं, पण क्वचित. दाबाला तो तयारच असतो. खांब उभा असतो तसा उभा राहून तो सोसतो. मोडतो तो ओढीने. पिस्टन वर धावत जातो आणि अगदी टोकाला त्याला मागे फिरावं लागतं. त्याला कोण फिरवतं? रॉड. त्या क्षणी पिस्टन म्हणतो मी निघालो, क्रँक म्हणतो चल मागे, आणि रॉड मधल्यामध्ये. सासू आणि सून यांच्यामधल्या माणसाला विचार, तो समजावून सांगेल. इंजिनाचे मिनिटाचे फेरे दुप्पट केलेस की ही ओढ चौपट होते.

मन विचारशील तर माझं मत स्टील. स्टीलने मला आजवर दगा दिला नाही. पण मला काय आवडतं यावर तुझं इंजिन फिरणार नाही. माझा ट्रक दहा वर्षं चालायचा असतो, तुझी गाडी आठ सेकंद. जड रॉड म्हणजे नाकापेक्षा मोती जड, तो आपल्याच वजनाने आपल्याला ओढतो. म्हणून आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. फेरे किती? वर्षाकाठी किती धावा? शर्यत झाल्यावर इंजिन उघडून बघणार, का कापड टाकून झोपणार?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुझा ड्रायव्हर रेषा ओलांडल्यावर पेडलवरून पाय कसा काढतो? काही जण असा काढतात जणू खाली विंचू दिसला. पूर्ण फेऱ्यांत असताना हवेचं दार एकदम बंद केलं तर सिलिंडरमध्ये यायला काही उरत नाही. खाली जाणारा पिस्टन बाटलीतल्या बुचासारखा अडकतो आणि रॉडला जास्तीची ओढ बसते. शर्यत जिंकून झाल्यावर इंजिन फुटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कळतच नाही, की आता तर आपण पाय काढला होता, मग फुटलं कसं.

तो ड्रायव्हर कोण, कुणाचा, हे तू लिहिलंच नाहीस.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

फेरे मिनिटाला सात हजार आठशे. धावा हंगामात वीस-बावीस. प्रत्येक शर्यतीनंतर तेलाचं पात्र उतरवून बेअरिंग बघणार, ते माझ्याकडे लागलं.

आता माझी बाजू. अ‍ॅल्युमिनियमचा रॉड खूप हलका, म्हणजे तू म्हणतोस ती ओढ तेवढी कमी. दुसरं, तो किंचित दबतो. सुपरचार्जरचा स्फोट म्हणजे घणाचा घाव, तो स्टील जसाच्या तसा खाली पोचवतं. अ‍ॅल्युमिनियम थोडा स्वतःच्या अंगावर घेतं आणि बेअरिंग वाचतात. दोषही लिहिते, नाहीतर म्हणशील पोरगी दुकानदारासारखी बोलते. तो थकतो. स्टील सांभाळून वापरलं तर वर्षानुवर्षं टिकेल, हा ठरावीक धावांनंतर टाकूनच द्यावा लागतो. लांबीला ताणला जातो. तापला की वाढतो, म्हणून पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये जास्त फट ठेवायची. आणि अंगाने जाड असतो, त्यामुळे ब्लॉक आतून घासून जागा करावी लागली असती. लागली असती म्हणजे, घासून झालाय. जावईबापूंना अजून सांगितलेलं नाही.

पाय. खरं सांगते, पाय वाईट आहे. रेषा ओलांडली की पोटात एकदम खड्डा पडतो, कानातला आवाज गेल्यासारखा होतो आणि टाच आपोआप वर येते. बिनसुपरचार्जरच्या जुन्या गाडीवर तीन वेळा असं झालं. आधी कितीही घोकलं तरी तो एक क्षण पाय आपला राहत नाही. यावर काही उपाय असेल तर लिही.

ड्रायव्हरचं वजन चोपन्न किलो. हिशेबाला लागेल म्हणून.

बारकी


११ फेब्रुवारी

बारके,

चार दिवस विचार केला. कागदावर तुझं इंजिन उभं करून तीनदा फिरवलं. जावईबापूंची माफी मागून सांगतो, तुझं बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियम घे.

अटी तीन. एक वही कर आणि प्रत्येक धाव तिच्यात लिही. उभ्या गाडीने टायर तापवायला इंजिन रेटतात तेही अर्धी धाव म्हणून धर. कारखानदार सांगेल त्याच्या दोनतृतीयांश धावा झाल्या की पूर्ण संच टाकून दे, कितीही चांगला दिसला तरी. आणि रॉड आले की आधी माझ्याकडे पाठव. क्रँककडच्या मोठ्या भोकाची गोलाई आणि बोल्टचा ताण माझ्या गेजवर बघून देतो. नुसत्या पान्याच्या अंदाजावर बोल्ट आवळू नकोस. बोल्ट आवळल्यावर किती लांबला ते मोजायचं असतं.

पायावर उपाय : रेषा ओलांडली की मनात एक-दोन म्हणायचं आणि दोन म्हणताना पाय अर्धाच सोडायचा. दार बंद करायचं नाही, लोटायचं.

१३ फेब्रुवारी

वरचं पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं. आज तुझं पत्र पुन्हा वाचलं.

दुसऱ्याच्या पोटात खड्डा पडला हे तुला कसं कळलं, बारके? त्याच्या कानातला आवाज गेला हे कोणी सांगितलं? माणूस दुसऱ्याच्या पायाबद्दल लिहितो तेव्हा लिहितो, तो पाय फार लवकर काढतो. तू असं लिहिलंस की टाच वर येताना मला माझ्या बुटात जाणवली. आणि चोपन्न किलो. तुझ्या लग्नाआधी आपल्या वर्कशॉपच्या काट्यावर उभी राहिली होतीस तेव्हा त्रेपन्न भरली होतीस.

आता वरचं सगळं खोडून टाक. स्टील घे. सगळ्यांत जाड, सगळ्यांत जड असेल तो संच घे. फेरे सहा हजारांच्या वर नेऊ नकोस. हरलीस तर हरलीस.

ताईला मी सांगणार नाही. पण मी सांगणार नाही याचा अर्थ सांगू नये असा नाही.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

ओळखलंस. ठीक आहे. जावईबापू शहाण्णव किलोंचे आहेत, त्या सीटमध्ये बसले तर एक पाय बाहेर राहतो. पण ते कारण नाही. मी अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी इंजिनं बांधतेय आणि दुसरे ती चालवतात. परत येऊन सांगतात, मस्त ओढत होतं. कसं ओढत होतं, कुठल्या गिअरला, ते त्यांना सांगता येत नाही. मला एकदा माझ्या हाताने बांधलेल्या इंजिनामागे बसून ते स्वतः ऐकायचंय. हे तुला समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या पत्राचा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एकाच कागदावर वर अ‍ॅल्युमिनियम आणि खाली स्टील. मध्ये दोन दिवस गेले, इंजिन तेच, फेरे तेच, पायसुद्धा तोच. बदललं काय? ड्रायव्हर परका होता तो तुझी भाची निघाला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी गल्लीतल्या बायकांकडून ऐकलं होतं, तुझ्याकडून नाही. रॉडला माहीत नसतं मामा, वर कोण बसलंय. अकरा तारखेचं उत्तर बरोबर असेल तर ते माझ्यासाठीही बरोबर आहे. आणि ते चूक असेल, तर त्या बिचाऱ्या चोपन्न किलोच्या परक्या माणसाला तू कुठे पाठवायला निघाला होतास?

मी अकरा तारखेच्या मामाचं ऐकलंय. रॉड आले आहेत. सोबत पाठवतेय.

(मागे बघ)

कामाचं : १. मोठं भोक आणि बोल्टचा ताण तपासणे. २. आठांची वजनं जुळवणे, घासायचं तर फक्त टोकाला त्यासाठीच ठेवलेल्या जाड गादीवर. ३. नंबर घालायचे तर शाईच्या पेनाने. यांच्यावर काहीही ठोकायचं नाही, पंच नाही, छिन्नी नाही. अ‍ॅल्युमिनियमला जिथे टोचा बसतो तिथूनच पुढे चीर निघते. तुला माहीत असेलच, तरी लिहिते.

बारकी


८ मार्च

बारके,

काम झालं. सगळी मापं सोबतच्या कागदावर आहेत. भोकं गोल आहेत, वजनं जुळली. खोका आज रवाना केला.

मामा


१५ मार्च

बारके,

परवा फोनवर मी जावईबापूंना "ते रॉड लावू नका" एवढंच बोललो आणि ठेवून दिला. पुढचं बोलायला तोंड नव्हतं. आता लिहितो.

चौतीस वर्षांपूर्वी, मी दुसऱ्याच्या हाताखाली होतो तेव्हा, दोन रॉडच्या टोप्यांची, म्हणजे खाली बोल्टने आवळायच्या अर्ध्या कड्यांची, अदलाबदल झाली आणि एका ट्रकचं इंजिन रस्त्यात जाम झालं. तेव्हापासून माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या टोपीवर मी पंचाने तीन ठिपके मारतो, मोहरीएवढे. आता तो नियम राहिलेला नाही, हाताची सवय झाली आहे. रॉड पुसायचा, ठेवायचा, टक टक टक, पुढचा घ्यायचा. लोक माझे ठिपके बघून इंजिन विकत घेतात.

तुझ्या आठही रॉडवर मी ते मारले. दांड्याच्या मधोमध, दिसायला छान म्हणून.

तू लिहिलं होतंस ना, ठोकू नको म्हणून? लिहिलं होतंस. मागच्या बाजूला. मी पुढची बाजू वाचली, कान तापले आणि कागद खणात टाकला. मागे बघ म्हणालीस तर मनात म्हटलं, आणखी चार शिव्या असतील. काम मला शिकवायचं नाही, असाही एक ताठा होता. मी जन्मभर स्टीलच्या रॉडवर ठोकत आलो, अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन हाताळले पण रॉड पहिल्यांदाच हातात आले.

खोका गेल्यावर तिसऱ्या दिवशी मामी सहज म्हणाली, "पोरीने ते ठोकू नका म्हणून बजावलं होतं, ते ठोकलं नाहीत ना?" तिने दोन्ही बाजू वाचल्या होत्या. मी म्हटलं, नाही.

आता जे लिहितो ते लिहायला ठिपक्यांपेक्षा जड आहे. ती अकरा तारीख होती. फोन मी तेराला केला. दोन दिवस मी गप्प बसलो. स्वतःला सांगत होतो, मोहरीएवढा तर ठिपका, कुठे काय होतंय, कारखानदार घाबरवायला लिहितात, कदाचित तिला दिसलेही नसतील. गिऱ्हाइकाला जे सांगून मी कधी फसवलं नाही ते सगळं मी मला सांगून पाहिलं. तेराच्या दुपारी लेथवर एक शाफ्ट लावला होता. त्यातून कुरकुर येत होती आणि मला ती ऐकूच आली नाही. शेजारच्या वेल्डरने येऊन खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "मिस्त्री, लक्ष कुठंय? अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय." तेव्हा मशीन बंद केलं आणि फोनकडे गेलो.

ते आठही फेकून दे. ठिपके घासून दिसेनासे करता येतील, पण तसं करू नकोस. नजरेआड झालेला टोचा जास्त वाईट. नवा संच घेशील तो अ‍ॅल्युमिनियमचाच घे. अकरा फेब्रुवारीला मी शुद्धीवर होतो, तेव्हाचं उत्तर खरं. फक्त या वेळी दुसऱ्या कुणाकडून तपासून घे.

मामा


२२ मार्च

मामा,

तू फोन केलास तेव्हा इंजिन पुरतं जुळवून बंद करून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करायचं होतं. ठिपके मी बघितले नव्हते. तुझा मापांचा कागद बघितला, सगळं बरोबर होतं, आणि तू हात लावलेली वस्तू मी परत तपासत नाही. ही माझी चूक, ती माझ्या वहीत लिहिली.

जावईबापू फोन ठेवून आत आले आणि पाने काढायला लागले. पुढचा सबंध दिवस उघडण्यात गेला. ठिपके भिंगाखाली बघितले. चीर कुठेच नव्हती. कदाचित कधीच गेली नसती. पण ते बघितल्यावर त्या सीटमध्ये मला बसता आलं नसतं.

खोटं बोलणार नाही. ठिपक्यांचा राग आला नाही. ज्याचा हात चालतो त्याच्याकडून चूक होते. राग त्या दोन दिवसांचा आला. त्या दोन दिवसांतच आम्ही ते आठ रॉड बसवले, मामा. मी गुणगुणत बसवले.

राग किती दिवस टिकतो ते बघत होते. पाच दिवस टिकला. सहाव्या दिवशी तुझं पत्र पाचव्यांदा वाचताना लक्षात आलं, तू ते दोन दिवस लिहिलेच नसतेस तर मला कधी कळले असते? फोन उशिरा केला, लाईन लागत नव्हती, एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं.

पहिली शर्यत गेली. नवा संच मागवलाय, यायला सात आठवडे. पत्ता कारखानदाराला तुझा दिलाय. थेट तुझ्याकडे येईल. दुसरा गेज मी कुठे शोधत बसू?

रिकाम्या वेळात आईला सगळं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्या मामाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तेव्हा सध्या तिचा फोन आला तर मामीला उचलायला लाव.

बारकी


३० मे

मामा,

तुझा खोका मिळाला. आत पत्र नव्हतं, आठ रॉड आणि मापांचा कागद. रॉडवर नंबर शाईने, पहिलीतल्या पोरासारख्या गोल अक्षरात. या वेळी सगळे आठ मी पुन्हा मोजले. तुझ्या आकड्यांत आणि माझ्यात कुठेच फरक नाही. तू रागावणार नाहीस हे माहीत आहे.

शनिवारी धावले. एकूण चार धावा, त्यांतल्या पहिल्या दोन पात्रतेच्या.

कसं होतं ते लिहायला बसले की मी माझ्या गिऱ्हाइकांसारखीच होते. मस्त ओढत होतं. एवढंच येतं. पहिल्या धावेला काही ऐकूच आलं नाही, नुसता पाठीत धक्का. तिसऱ्या धावेला ऐकलं. पट्ट्याची शीळ वेगळी, पंपाची घरघर वेगळी, आणि खाली, अगदी खाली, आठही एका सुरात. तुला ते ऐकवायला हवं होतं. रेषा ओलांडली, पोटात खड्डा पडला, मी मोठ्याने एक-दोन म्हटलं आणि दार लोटलं. आपटलं नाही. हेल्मेटमध्ये माझाच आवाज ऐकून मला हसू आलं.

जिंकले नाही. दुसऱ्या फेरीत बाहेर. जिच्याकडून हरले ती आजी झालेली बाई आहे.

आई आली होती. पहिल्या तिन्ही वेळा तोंड फिरवून उभी राहिली असं जावईबापू सांगतात. चौथ्या वेळी बघितलं.

आता काम. रविवारी पात्र उतरवलं, बेअरिंग आरशासारखी. रॉड बाहेर काढून लांबी मोजली. सात जसेच्या तसे. सहा नंबरचा एका केसाएवढा लांबलाय. कारखानदाराची मर्यादा याच्या दुप्पट आहे, म्हणजे मापात आहे. जावईबापू म्हणतात ठेव, पुस्तकात बसतंय. मीही तेच म्हणाले असते. पण वीस जूनला पुढची शर्यत आहे आणि माझं मन होत नाही. ठेवू का काढू? जे परक्याला सांगशील तेच मला सांग.

बारकी


९ जून

बारके,

परक्याला मी काय सांगितलं असतं ते आधी लिहितो. मापात आहे, ठेव. आजवर शेकडो लोकांना हे सांगितलंय आणि त्यात खोटं काही नाही. पुस्तक माझ्या बाजूचं आहे.

आणि तुला काय सांगेन? सात चुलतभाऊ तसेच राहिले आणि एकटाच लांबला, तर त्याला काहीतरी कारण आहे आणि ते मला माहीत नाही. जे मला माहीत नाही त्याच्यामागे तुला बसू देणार नाही. काढ.

ही दोन उत्तरं समोर ठेवून तीन दिवस बसलो. तू म्हणालीस त्याप्रमाणे त्यांचं एक करायचं होतं. आधी वाटलं, तुझ्या उत्तरातली माया वजा केली की खरं उत्तर उरेल. फेब्रुवारीत तू माझा कान धरलास तेव्हापासून मी हेच समजत होतो, की आपल्या माणसाच्या वेळी आपलं डोकं बिघडतं आणि परक्याच्या वेळी ठिकाणावर असतं. रॉड कुठला घ्यावा, त्या बाबतीत ते खरंही होतं. तिथे मी घाबरलो होतो. पण तुझ्या पत्रातला हा सहा नंबर बघताना मी घाबरलेलो नाही. शांतपणे बघतोय, आणि तुझ्यासाठी बघतोय म्हणून नीट बघतोय. पुस्तक उघडायच्या आधी रॉडकडे बघतोय. परक्याच्या वेळी मी आधी पुस्तक उघडतो आणि मापात बसलं की रॉडकडे परत बघत नाही.

गेल्या आठवड्यात एका बोटीचं इंजिन बांधून दिलं. बोटवाला माझ्या ओळखीचा नाही, कुणीतरी पाठवलेला. सहा सिलिंडर, सगळ्या रॉडचे मिळून बोल्ट बारा. त्यांतले दोन थोडे लांबलेले होते. मापात होते. पुन्हा लावले, आवळले, त्याला म्हटलं, जा, दहा वर्षं बघायला नको.

काल त्याला निरोप धाडला की बोट बाहेर काढू नकोस, इंजिन परत उघडायचंय. तो धापा टाकत आला. म्हणाला, "मिस्त्री, काय चुकलं?"

म्हटलं, "काही नाही. मापात आहे."

"मग कशाला उघडता?"

याला उत्तर द्यायचं म्हणजे त्याला तू, ताई, पाव मैल, सगळंच सांगावं लागलं असतं. मी विचारलं, "बोटीवर कोण कोण जातं?"

"मी, आणि धाकटी बहीण. जाळं ती ओढते. का?"

"सहज," म्हटलं, आणि पाना घेतला.

तो काठावर बसून माझ्याकडे संशयाने बघत राहिला. सहा तास लागले. बाराही बोल्ट नवे घातले.

तुझ्या सहा नंबरच्या जागी नवा रॉड कारखानदाराकडून लगेच मागव; संचाला सात आठवडे लागतात, पण सुटा एक त्यांच्याकडे तयार असतो, वीसच्या आत पोचला पाहिजे. वजन जुळवून देतो.

मामा